कॅथलिक सामाजिक शिकवण

कॅथलिक सामाजिक शिकवण : मानवी व्यक्तीची प्रतिष्ठा आणि समाजव्यवहारातील न्याय यांविषयी रोमन कॅथलिक चर्चने वेळोवेळी मांडलेल्या तत्त्वांचा समुच्चय. श्रम, वेतन, मालमत्ता, कुटुंब, राज्यसंस्था, युद्ध व शांतता, राष्ट्राराष्ट्रांतील विषमता आणि अलीकडच्या काळात पर्यावरण हे तिचे प्रमुख विषय होत. ही शिकवण कोणत्याही एका ग्रंथात सूत्ररूपाने सांगितलेली नाही. पोपने चर्चमधील बिशपांना व श्रद्धावंतांना उद्देशून लिहिलेली परिपत्रके, धर्मपरिषदांचे दस्तऐवज आणि निरनिराळ्या देशांतील बिशपांची निवेदने यांतून ती साकार झाली आहे. या परिपत्रकांना त्यांच्या लॅटिन पाठातील पहिल्या दोन-तीन शब्दांवरून नावे पडतात. आधुनिक अर्थाने या शिकवणीचा प्रारंभ १८९१ सालच्या ‘रेरम नोव्हारम’ या परिपत्रकापासून मानला जातो. २००४ मध्ये व्हॅटिकनने तिचा एक सारग्रंथही प्रसिद्ध केला. ही शिकवण म्हणजे एखादा आर्थिक कार्यक्रम नव्हे, की भांडवलशाही व समाजवाद यांच्या मधला तिसरा मार्गही नव्हे, असे चर्चचे स्वतःचे म्हणणे आहे. तथापि तिच्यातून प्रत्यक्ष कायदे, कामगार संघटना व राजकीय पक्ष निर्माण झाले आहेत, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

अधिष्ठान : मराठीत ‘प्रतिष्ठा’ हा शब्द बहुधा सामाजिक मान या अर्थाने योजला जातो. ती कमावता येते, तशी घालवताही येते. गावातील काही मोजकी मंडळी ‘प्रतिष्ठित’ असतात व उरलेली नसतात. लॅटिनमधील ‘दिग्नितास’ या शब्दाचा प्राचीन रोममधील अर्थही असाच, म्हणजे पद व दर्जा यांच्याशी निगडित होता. ख्रिस्ती विचाराने या शब्दाला जे वळण दिले ते नेमके याच्या उलट आहे. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात ईश्वराने मनुष्य आपल्या प्रतिरूपात निर्माण केला, असे म्हटले आहे. त्यावरून प्रत्येक मनुष्याच्या ठायी जन्मतःच असणारी, गुण, कर्तृत्व, आरोग्य, जात, वंश वा संपत्ती यांवर अवलंबून नसलेली आणि अपराधानेही नष्ट न होणारी अशी प्रतिष्ठा या शिकवणीत गृहीत धरली आहे. ईश्वराने येशूच्या रूपाने मानवी देह धारण केला या श्रद्धेने तिला आणखी बळकटी येते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अखेरच्या न्यायाच्या प्रसंगात भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी व बंदिवान यांच्याशी केलेले वर्तन हे प्रत्यक्ष ख्रिस्ताशीच केलेले वर्तन ठरते. मनुष्य स्वभावतःच समाजशील असल्यामुळे ही प्रतिष्ठा एकट्यादुकट्याने जपता येत नाही, तिला अनुकूल अशी समाजव्यवस्था लागते. येथेच मानवी प्रतिष्ठेच्या कल्पनेतून सामाजिक न्यायाची कल्पना उद्भवते.

या मूळ तत्त्वातून चार-पाच उपतत्त्वे निघतात : सर्वहित, ऐक्यभाव, साहाय्यकता, गरिबांना अग्रक्रम आणि पृथ्वीवरील वस्तुजात सर्वांसाठी आहे हा सिद्धांत. यांपैकी शेवटचा सर्वांत जुना असून आजच्या वाचकाला तोच सर्वांत अनपेक्षित वाटण्याचा संभव आहे. चौथ्या शतकातील बेझिल, अँब्रोझ व जॉन क्रिसोस्टम या धर्माचार्यांनी श्रीमंताच्या घरात साठून राहिलेले धान्य व वस्त्र हे गरिबाचे आहे, असे बजावले होते. तेराव्या शतकातील तत्त्ववेत्ता सेंट टॉमस अक्वाय्‌नस (१२२५–७४) याने खाजगी मालमत्ता व्यवहाराच्या सोयीसाठी योग्य ठरविली. परंतु प्राणांतिक गरजेच्या वेळी दुसऱ्याच्या विपुल साठ्यातून आपल्यापुरते घेणे ही चोरी ठरत नाही, असाही निर्वाळा दिला. म्हणजे मालकीहक्क मान्य, पण तो निरपवाद नव्हे.

दास्यप्रथा व चर्च : तत्त्व जुने असले, तरी त्याचे परिणाम ओळखण्यास चर्चला फार काळ लागला, हे या विषयाच्या कोणत्याही प्रामाणिक इतिहासात नमूद करावे लागते. १४५२ मध्ये पोप पाचवा निकोलस याने पोर्तुगालच्या राजाला बिगर-ख्रिस्ती लोकांना जिंकून दास करण्याची मुभा दिली होती. उलट, १५११ मध्ये हिस्पॅनिओला बेटावरील डोमिनिकन संन्यासी आंतोन्यो दे माँतेसिनोस याने स्पॅनिश वसाहतवाल्यांना भर प्रवचनात, हे इंडियन लोक माणसे नाहीत काय, असा जाब विचारला. बार्तोलोमे दे लास कासास (१४८४–१५६६) याने पुढे आयुष्यभर त्यांची बाजू मांडली. पोप तिसरा पॉल याने १५३७ मध्ये अमेरिकेतील मूळ रहिवाशांना स्वातंत्र्य व मालमत्ता यांचा अधिकार असल्याचे जाहीर केले. तरीही आफ्रिकी दासांचा व्यापार चालूच राहिला. पोप सोळावा ग्रेगरी याने १८३९ मध्ये दासव्यापाराचा निषेध केला. त्याच्या एक वर्ष आधी अमेरिकेच्या मेरिलंड राज्यातील जेझुइटांनी आपल्या मळ्यांवरील दोनशेहून अधिक दास विकून टाकले होते. वसाहतींच्या काळातील या आज्ञापत्रांवर आधारलेला तथाकथित ‘शोधाचा सिद्धांत’ व्हॅटिकनने औपचारिक रीत्या नाकारला तो २०२३ साली.

रेरम नोव्हारम : एकोणिसाव्या शतकातील औद्योगिक क्रांतीने यूरोपात कामगारांचा एक नवा, मोठा व असहाय वर्ग निर्माण केला. मध्ययुगीन कारागीर-श्रेणी मोडल्या होत्या आणि कायद्याने कामगार संघटनांवर अनेक ठिकाणी बंदी होती. कॅथलिक धर्मगुरूंचा या दुःखावरचा नेहमीचा उपाय दानधर्म हाच होता. तो अपुरा आहे हे ज्यांच्या प्रथम ध्यानात आले, त्यांत जर्मनीतील माइन्‌ट्सचा बिशप व्हिल्हेल्म फोन केटेलर (१८११–७७) प्रमुख होय. कामगारांचा प्रश्न व ख्रिस्ती धर्म या विषयावरील त्याचा ग्रंथ १८६४ साली प्रसिद्ध झाला. ‘सामाजिक न्याय’ ही संज्ञा १८४० च्या सुमारास इटालियन जेझुइट लुइजी तापारेल्ली याने रूढ केली. इंग्लंडमध्ये १८८९ च्या लंडन गोदी कामगारांच्या संपात एक्याऐंशी वर्षांचे कार्डिनल मॅनिंग यांनी स्वतः मध्यस्थी केली आणि ताशी सहा पेन्सांची मागणी पदरात पाडून देण्यास साहाय्य केले. म्हणजे रोमहून परिपत्रक निघण्यापूर्वीच निरनिराळ्या देशांत त्याची भूमी तयार होत होती.

पोप तेरावा लिओ (कार. १८७८–१९०३) याने १५ मे १८९१ रोजी हे परिपत्रक प्रसिद्ध केले. त्यात समाजवादाचा विरोध आहे व खाजगी मालमत्तेचा पुरस्कारही. त्यामुळे वरवर वाचणाऱ्यास ते मालकवर्गाच्या बाजूचे वाटते. त्याचा खरा गाभा वेतनाच्या विवेचनात आहे. त्या काळच्या अर्थशास्त्राचे म्हणणे असे, की मालक व कामगार यांनी स्वखुशीने केलेल्या करारात ठरेल ते वेतन न्याय्यच असते. ठरलेली रक्कम दिली, की मालक ऋणमुक्त झाला. लिओने या युक्तिवादाचा पायाच काढून घेतला. श्रमाला दोन अंगे आहेत, असे तो म्हणतो. श्रम वैयक्तिक आहे, म्हणून कामगाराने ते कितीही कमी मोलाने देऊ करावे. परंतु श्रम हे जगण्याचे एकमेव साधन असल्याने ते आवश्यकही आहे, आणि जगणे हे कर्तव्य असल्यामुळे त्यावर पाणी सोडण्याचा अधिकार कामगारालाही नाही. म्हणून काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल इतके वेतन ही कोणत्याही सौद्याच्या आधीची निसर्गसिद्ध अट ठरते. उपासमारीच्या भयाने त्याने याहून कमी मोल पत्करले, तर तो करार नसून बळजबरी होय. या एका युक्तिवादाने किमान वेतनाचा प्रश्न दयेच्या क्षेत्रातून न्यायाच्या क्षेत्रात आला. दया करणाऱ्याचे आभार मानावयाचे असतात. न्याय्य देणे मात्र मागून घेता येते.

याखेरीज कामाच्या तासांना मर्यादा, साप्ताहिक विश्रांती, खाणीसारख्या कष्टाच्या कामात अधिक सवलत, लहान मुलांना कारखान्यात घालण्यास मनाई आणि कामगारांना संघ स्थापण्याचा हक्क यांचाही पुरस्कार त्यात आहे. धनिकांना स्वतःचे रक्षण करण्याची साधने असतात, गरिबांना केवळ राज्याचाच आधार असतो. म्हणून राज्याने त्यांची विशेष काळजी घ्यावी, असे लिओ सांगतो. संपाविषयी मात्र त्याचा सूर सावध आहे. स्त्रियांची जागा मुख्यतः घरात असे तो गृहीत धरतो. पुढील काळात अमेरिकेतील धर्मगुरू जॉन रायन (१८६९–१९४५) याने निर्वाह-वेतनावर १९०६ मध्ये ग्रंथ लिहून ही कल्पना अर्थशास्त्राच्या भाषेत मांडली व तेथील किमान वेतनाच्या कायद्यांसाठी प्रदीर्घ काळ खटपट केली.

साहाय्यकतेचे तत्त्व : पहिल्या परिपत्रकाच्या चाळिसाव्या वर्षी, जागतिक मंदीच्या ऐन भरात, पोप अकरावा पायस याने ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ (१९३१) हे परिपत्रक काढले. त्याचा मसुदा मुख्यतः ओस्वाल्ट फोन नेल-ब्रॉयनिंग या तरुण जर्मन जेझुइटाने तयार केला होता. ‘सामाजिक न्याय’ ही संज्ञा या परिपत्रकात मध्यवर्ती झाली. वेतन कुटुंबाच्या निर्वाहास पुरेल इतके असावे, हेही त्यात स्पष्ट झाले. व्यक्तीला वा लहान समूहाला जे काम करता येते ते मोठ्या संस्थेने आपल्याकडे ओढून घेऊ नये. मोठ्या संस्थेने लहानांना साहाय्य करावे, त्यांना गिळू नये, हे साहाय्यकतेचे तत्त्व त्यात प्रथम काटेकोरपणे मांडले गेले. जे काम कुटुंबाला होते ते ग्रामपंचायतीने आणि जे ग्रामपंचायतीला होते ते राज्याने करू नये, असे त्याचे सुलभ रूप सांगता येईल. १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारात यूरोपीय संघाने हेच तत्त्व स्वीकारले. मात्र या परिपत्रकाचा दुसरा भाग दुर्दैवी ठरला. मालक व कामगार यांचे व्यवसायवार एकत्र संघ असावेत, ही त्यातील सूचना मुसोलिनीच्या इटलीतील व्यवस्थेशी वरवर मिळतीजुळती होती. पायसने त्याच वर्षी फॅसिस्टांच्या राज्यपूजेचा स्वतंत्र परिपत्रकाद्वारे निषेध केला, तरी ऑस्ट्रियातील डोल्फुसच्या हुकूमशाही राजवटीने १९३४ मध्ये आपल्या संविधानासाठी याच परिपत्रकाचा हवाला दिला. अमूर्त सूचनेचा सत्ताधाऱ्याच्या हाती काय उपयोग होऊ शकतो, याचे हे उदाहरण होय.

आयर्लंडमार्गे भारतीय संविधानात : याच विचारप्रवाहाचा एक धागा भारतीय वाचकाच्या फार जवळ येऊन पोहोचतो, त्याची आपल्याकडे फारशी दखल घेतली जात नाही. आयर्लंडचे १९३७ चे संविधान तयार करताना एमन डी व्हॅलेरा यांना एडवर्ड काहिल व जॉन चार्ल्स मक्‌क्वेड या धर्मगुरूंचे साहाय्य झाले. त्या संविधानाच्या उद्देशिकेत व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा उल्लेख आहे व पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात न्यायालयाकरवी अंमलात न आणता येणारी सामाजिक धोरणाची निदेशक तत्त्वे आहेत. त्यांवर उपर्युक्त परिपत्रकांची छाप स्पष्ट दिसते. भारतीय संविधानसभेचे सल्लागार बी. एन. राव यांनी १९४७ मध्ये डब्लिनला भेट दिली. भारतीय संविधानाच्या चौथ्या भागाची रचना आयरिश नमुन्यावर झाली, हे सर्वमान्य आहे. अनुच्छेद ३९ (ख) मध्ये समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वहिताला उपकारक होईल अशा रीतीने विभागले जावे, असे जे तत्त्व आहे, ते आयरिश अनुच्छेदाशी बहुतांशी शब्दशः जुळते. फरक एवढाच, की आयरिश पाठात ही विभागणी ‘खाजगी व्यक्ती व निरनिराळे वर्ग’ यांच्यामध्ये करावयाची आहे. भारतीय पाठात ते शब्द गाळलेले आहेत. खाजगी मालमत्ता अधिकाधिक हातांत पसरावी, ही मूळची कॅथलिक कल्पना. आपल्याकडे तीच शब्दरचना राष्ट्रीयीकरणाच्या समर्थनार्थ वापरली गेली. अर्थात भारतीय संविधानातील सामाजिक न्यायाची व प्रतिष्ठेची कल्पना या एकाच उगमातून आली असे म्हणणे चूक ठरेल. तिच्यामागे जातिसंस्थेविरुद्धचा येथील दीर्घ लढा आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र विचार उभा आहे.

मानवी हक्कांचा स्वीकार : दुसऱ्या महायुद्धातील नरसंहारानंतर मानवी प्रतिष्ठा हा शब्द आंतरराष्ट्रीय कायद्यात आला. फ्रेंच तत्त्ववेत्ता झाक मारितँ (१८८२–१९७३) याने नैसर्गिक कायद्याच्या परंपरेतून मानवी हक्कांचे समर्थन केले व १९४८ च्या वैश्विक जाहीरनाम्याच्या वैचारिक तयारीला हातभार लावला. चर्चच्या दृष्टीने हे वळण मोठे होते. कारण १८३२ मध्ये सोळाव्या ग्रेगरीने विवेकस्वातंत्र्याची कल्पना धिक्कारली होती आणि १८६४ मध्ये नवव्या पायसने आधुनिक प्रमादांची यादीच प्रसिद्ध केली होती. पोप तेविसावा जॉन याने मृत्यूपूर्वी दोनच महिने, ११ एप्रिल १९६३ रोजी, प्रसिद्ध केलेल्या ‘पाचेम इन तेरिस’ या परिपत्रकात हक्कांची तपशीलवार यादी दिली. कामगारांचा उदय, सार्वजनिक जीवनातील स्त्रियांचा सहभाग आणि वसाहतींचे स्वातंत्र्य ही त्याने काळाची तीन लक्षणे म्हणून नोंदविली. हे परिपत्रक केवळ कॅथलिकांना नव्हे, तर सर्व सद्भावनाशील माणसांना उद्देशून होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यविषयक जाहीरनामा २,३०८ विरुद्ध ७० मतांनी संमत केला. धर्मस्वातंत्र्याचा आधार सत्याचा ताबा हा नसून माणसाची प्रतिष्ठा हा आहे, असे त्यात म्हटले आहे. हा जाहीरनामा घडविणाऱ्यांतील अमेरिकन जेझुइट जॉन कोर्टनी मरी यांच्यावर याच मतासाठी दहा वर्षांपूर्वी लेखनबंधन आले होते. पूर्वीच्या शिकवणीचा हा विकास म्हणावा की तिचा त्याग, यावर चर्चमध्ये अद्याप मतभेद आहेत. निःपक्षपाती वाचकाला त्यात त्यागाचा अंश दिसल्यावाचून राहत नाही.

मुंबईचे आवाहन : पोप सहावा पॉल हा डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय यूखरिस्त परिषदेसाठी मुंबईस आला. भारतात आलेला हा पहिला पोप. येथील दारिद्र्य पाहून त्याने शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग बाजूला काढून जागतिक निधी उभारावा, असे आवाहन मुंबईतूनच केले. (या भेटीत वापरलेली मोटार त्याने मदर तेरेसांना दिली व त्यांनी ती सोडतीद्वारे विकून पैसे सेवाकार्यात लावले.) १९६७ च्या ‘पोपुलोरम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात भारतभेटीचा व या आवाहनाचा त्याने स्वतः उल्लेख केला आहे. विकास म्हणजे केवळ उत्पन्नवाढ नव्हे; तो प्रत्येक माणसाचा व संपूर्ण माणसाचा असला पाहिजे, हे त्याचे सूत्र. वेतनाच्या कराराला लिओने लावलेला निकष पॉलने राष्ट्रांमधील व्यापाराला लावला : दुर्बल राष्ट्राने नाइलाजाने मान्य केलेला भाव न्याय्य ठरत नाही.

श्रमाची प्रतिष्ठा : पोप दुसरा जॉन पॉल हा तरुणपणी, जर्मनव्याप्त पोलंडमध्ये, दगडाच्या खाणीत व रसायनांच्या कारखान्यात कामगार होता. त्याचे ‘लाबोरेम एक्सेर्सेन्स’ हे परिपत्रक १५ मे १९८१ रोजी निघावयाचे होते. परंतु दोनच दिवस आधी त्याच्यावर गोळीबार झाल्यामुळे ते १४ सप्टेंबरला निघाले. पोलंडमध्ये त्या वेळी ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना शासनापुढे उभी होती. श्रमाचे मोल त्यातून काय निर्माण होते यावरून ठरत नाही, ते करणारी व्यक्ती आहे यावरून ठरते. म्हणून झाडू मारण्याच्या व संशोधनाच्या कामात प्रतिष्ठेचा भेद नाही, असे त्यात प्रतिपादन आहे. भांडवल हे पूर्वी केलेल्या श्रमांचेच साठलेले फळ असल्याने श्रमाला भांडवलापेक्षा अग्रस्थान मिळते. ‘अप्रत्यक्ष मालक’ ही त्यातील कल्पना विशेष उपयुक्त आहे. कामगाराला वेतन देणारा मालक एक असतो. परंतु वेतनाची पातळी ठरविणारी धोरणे, कायदे, खरेदीदार कंपन्या व आंतरराष्ट्रीय व्यापार हे सारे त्याचे अप्रत्यक्ष मालक असतात आणि तेही जबाबदार ठरतात. कंत्राटदारामार्फत नेमलेला सफाई कामगार वा ऊसतोडणीसाठी मुकादमाकडून उचल घेऊन गेलेले जोडपे यांच्या संदर्भात या कल्पनेचा अर्थ महाराष्ट्रातील वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

मुक्तीचे ईश्वरशास्त्र : लॅटिन अमेरिकेतील बिशपांनी मेडेलिन (१९६८) व प्वेब्ला (१९७९) येथील परिषदांत गरिबांना अग्रक्रम देण्याचे धोरण स्वीकारले. पेरू देशातील गुस्तावो गुत्येरेझ (१९२८–२०२४) यांच्या १९७१ च्या ग्रंथाने त्याला सैद्धांतिक रूप दिले. त्यातील मार्क्सवादी विश्लेषणाच्या वापरावर व्हॅटिकनने १९८४ मध्ये कडक टीका केली, तर १९८६ च्या दुसऱ्या निवेदनात तिला बरीच मुरड घातली. एल साल्व्हादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची २४ मार्च १९८० रोजी मिस्सा अर्पण करीत असताना हत्या झाली. २०१८ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले.

अलीकडचा काळ : फ्रान्सिस (कार. २०१३–२५) याने ‘लाउदातो सी’ (२०१५) मध्ये पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश हे एकच असल्याचे मांडले, २०१८ मध्ये धर्मशिक्षणग्रंथात दुरुस्ती करून देहांतशासन मानवी प्रतिष्ठेशी विसंगत व म्हणून अग्राह्य ठरविले. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपने चौदावा लिओ हे नाव धारण केले. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रमापुढे उभे राहणारे प्रश्न १८९१ च्या प्रश्नांसारखेच आहेत, असे या नावामागील कारण त्याने सांगितले.

भारतातील कार्य : भारतात या शिकवणीचा अवलंब बहुधा परिपत्रकांच्या अभ्यासातून झाला नाही, तो जमिनीच्या प्रश्नातून झाला. छोटा नागपुरात बेल्जियन जेझुइट काँस्टंट लीव्हेन्स (१८५६–९३) याने ‘रेरम नोव्हारम’च्या आधीच जमीनदारांविरुद्ध मुंडा शेतकऱ्यांचे दावे चालविण्यास मदत केली. योहान हॉफमान याने मुंडांच्या भूधारणपद्धतीचे जे ज्ञान मिळविले, त्याचा १९०८ च्या छोटा नागपूर कूळकायद्याच्या घडणीस उपयोग झाला. १९०९ मध्ये त्याने सहकारी पतपेढीही काढली. महाराष्ट्रात अहमदनगर जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त भागात स्विस जेझुइट हेर्मान बाखर (१९२४–२०२१) यांनी लोकसहभागातून पाणलोट विकासाचे काम उभे केले; गावाने स्वतः श्रमदान व चराईबंदीचा निर्णय घेतल्याखेरीज बाहेरची मदत नाही, ही त्यांची पद्धत म्हणजे साहाय्यकतेच्या तत्त्वाचाच प्रयोग होय. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे जमीन, पाणी व बागायत यांच्या रक्षणासाठी आणि झुंडशाहीविरुद्ध सर्वधर्मीय आंदोलन चालविले. झारखंडमधील आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणारे जेझुइट स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली आणि ५ जुलै २०२१ रोजी खटला सुरू होण्यापूर्वीच, कोठडीत असताना, मुंबईतील रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

चर्चअंतर्गत न्याय : १९७१ च्या बिशपांच्या सभेने न्यायाविषयी बोलू पाहणाऱ्याने प्रथम लोकांच्या दृष्टीने स्वतः न्यायी असले पाहिजे, असे म्हटले होते. हा निकष चर्चला जड गेला आहे. १९८३ च्या चर्च-कायद्याने चर्चच्या संस्थांतील नोकरांना न्याय्य वेतन देणे बंधनकारक केले. तरी केरळमधील परिचारिकांनी २०११-१२ मध्ये वेतनासाठी जे संप केले, ते चर्चच्या काही रुग्णालयांतही झाले. धर्मगुरूंकडून झालेले बालकांचे लैंगिक शोषण व ते दडपण्याचे प्रयत्न यांमुळे अनेक देशांत या शिकवणीची विश्वासार्हता ढासळली. स्त्रियांना समान प्रतिष्ठा आहे, पण धर्मगुरुपद नाही, ही विसंगती स्त्रीवादी अभ्यासक दाखवून देतात.

भारतात मात्र सर्वांत खोल प्रश्न जातीचा आहे. सतराव्या शतकात मदुराई येथे रॉबेर्तो दे नोबिली याने ब्राह्मणी आचार स्वीकारून धर्मप्रसार केला व जातींची काही चिन्हे पाळण्यास पोप पंधरावा ग्रेगरी याने १६२३ मध्ये अनुमती दिली. धर्मांतराने जात गेली नाही. गोव्यात काही गावांतील चर्चच्या ‘कोंफ्रारी’ जातवार राहिल्या, आणि तमिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतही भिंती उभ्या राहिल्या. ज्या समाजाला प्रतिरूपाचा सिद्धांत सर्वांत आधी पटावा, तोच समाज मरणानंतरही वेगळा राहिला. राज्याच्या बाजूनेही या ख्रिस्ती दलितांची कोंडी झाली. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश प्रथम हिंदूंपुरता होता; तो १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला, ख्रिस्ती व मुस्लिम दलितांना मात्र नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने हे धार्मिक बंधन काढण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर नवा आयोग नेमला. या मागणीला विरोध करणारे, ख्रिस्ती धर्मात जात नाही असे तुम्हीच सांगता, याकडे बोट दाखवीत. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले व चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो, हे त्यात स्पष्टपणे मान्य केले. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला २७ ऑगस्ट २०२२ रोजी कार्डिनल झाले. त्या पदावर पोहोचलेले ते पहिले दलित होत.